तळघरातली दुसरी प्रत

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुंडुला वुंडरलिखनं आयुष्यात कधी काही फेकलं नाही. दह्याचे डबे, बरण्या, मोडक्या छत्रीच्या काड्या, सगळं जायचं तळघरात. बोलायची सोय नाही! "तुला काय कळणार डोरीन, बर्लिनची भिंत पडली तेव्हा तू पाळण्यात होतीस," असं वर मलाच ऐकवायची. "आमच्या वेळी दुकानात स्क्रू आलाच तर दोन घ्यायचे. एक लावायला, एक ठेवायला."

पण लेसच्या नक्षीत आमच्या अख्ख्या प्लाउएन गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आधी कागदावर काढायची, मग कॉम्प्युटरवर. त्यासाठी खास सॉफ्टवेअर असतं. त्यात नक्षी काढली की भरतकामाचं यंत्र टाका न् टाका तशी विणतं. तिनं ते एकदाच पैसे मोजून कायमचं घेतलं होतं.

सत्तरी उलटल्यावर गुंडुलानं आपला लेसचा छोटा कारखाना बंद केला आणि नेमका तेव्हाच इर्मट्राउडचा कॉम्प्युटर आतल्या सॉफ्टवेअरसकट जळला. इर्मट्राउड म्हणजे तिची उमेदवारीपासूनची मैत्रीण. दोघींचा एकही दिवस भांडणाशिवाय जात नसे, आणि एकीला सर्दी झाली की दुसरी सूप घेऊन हजर. इर्मट्राउडच्या कारखान्यातली दोन्ही यंत्रं बंद पडली. ते सॉफ्टवेअर आता विकत मिळतच नव्हतं, फक्त महिन्याच्या भाड्यानं, आणि ते भाडं तिला परवडणारं नव्हतं. उन्हाळ्यातल्या लेसच्या जत्रेचे पडदे विणायचं काम तिच्याकडे होतं. ते हातचं गेलं असतं तर कारखान्याला टाळंच.

गुंडुलानं आपल्या सॉफ्टवेअरच्या डिस्कची डबी तिच्यापुढे आदळली. "घे. मेल्यावर बरोबर नेणार आहे का मी?"

इर्मट्राउडनं ते नव्या कॉम्प्युटरवर चढवलं आणि महिनाभरात दोघींना सॉफ्टवेअर कंपनीची नोटीस! तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही, फक्त वापरायची परवानगी घेतली आहे, ती दुसऱ्याला देता येणार नाही, वापर ताबडतोब थांबवा.

गुंडुला जिन्यातूनच ओरडत वर आली. "कढई घेतली तर माझी. शिवणयंत्र घेतलं तर माझं. आणि हे घेतलं तर त्यांचं? डोरीन, गाडी काढ!"

गाडी लगेच नाही, पण वसंतात काढली. दोघींनी वापर थांबवला नाही म्हणून कंपनी लाइपझिगच्या न्यायालयात गेली होती, तिथली तारीख होती. मागच्या सीटवर दोघी, मांडीवर उकडलेली अंडी आणि सॉसेज घातलेले पाव, लढाईवर निघाल्यासारख्या. गुंडुला इर्मट्राउडच्या वाटचंही बोलत होती.

न्यायाधीशबाई शांत होत्या. दोन्ही वकिलांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकरकमी पैसे दिले, मुदत काही नाही. मग नाव परवानगी ठेवा नाहीतर आणखी काही, ही विक्रीच झाली. घेणारा ते पुढे विकू शकतो, देऊही शकतो." इर्मट्राउडनं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. "मात्र," बाई म्हणाल्या, "देणाऱ्यानं स्वतःकडे काही ठेवता कामा नये."

कंपनीचे वकील सहज उठले. "वुंडरलिखबाई, तुमच्याकडे दुसरी प्रत नाही ना?"

"आहे की!" गुंडुला छाती काढून म्हणाली. "तळघरात, जुन्या कॉम्प्युटरवर. मला काय वेडी समजलात?"

आमच्या वकिलानं डोळे मिटले. इर्मट्राउडनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये," ती कुजबुजली, "अख्ख्या जन्मात एकदा तरी एकच ठेवायचं होतंस!"

कंपनीच्या वकिलांना हसू आवरेना. न्यायाधीशबाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. खरं बोलल्याबद्दल आभार मानले आणि सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत ती प्रत दोन्ही वकिलांसमोर पुसा, तर हे दान खरं. नाही पुसली, तर इर्मट्राउडनं वापर थांबवायचा.

परतीच्या वाटेवर गुंडुलानं खाण्याला हातही लावला नाही. अंडी तशीच परत आली. मी तिला उपाशी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

ठरल्या दिवशी प्रत पुसून घ्यायला दोन्ही वकील गुंडुलाकडे आले, इर्मट्राउडही आली. कंपनीचे वकीलसाहेब चकचकीत बुटांनी चेरीच्या बरण्यांमधून वाट काढत होते. तळघरात, बटाट्यांच्या पेटीशेजारी, तो कॉम्प्युटर क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. गुंडुलानं तो चालू केला आणि तिचं सगळं पडद्यावर आलं. घंटेच्या फुलांची किनार, नेच्याची पानं, एक अर्धवट हंस.

तेव्हा कळलं. ही प्रत निव्वळ सवयीनं ठेवलेली नव्हती. कारखाना बंद केल्यावर ती रोज दुपारी खाली येऊन नक्षी काढत होती. मला वाटायचं, बटाटे निवडते.

तिचा हात माऊसवर थांबला. "इर्मट्राउड," ती म्हणाली, "हे गेलं की मी कोण गं?"

साहेब आपल्या चकचकीत बुटांकडे बघत राहिले.

"माझी डोकेदुखी," इर्मट्राउड म्हणाली. "आजवर होतीस तीच. आणि तो हंस माझ्या पेनड्राइव्हवर घालून दे. मान वाकडी झालीय त्याची, माझ्याकडे बसून सरळ कर."

"वाकडी? तुझ्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय!"

"मग येऊन दाखव!"

गुंडुलानं नाक पुसलं, नक्ष्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि सॉफ्टवेअर पुसून टाकलं. वकिलांनी सह्या केल्या. तिनं साहेबांना चेरीची बरणी दिली. एकच.

शनिवारी खाली उतरले तर फाटकाबाहेर ही गर्दी! फुटपाथवर बरण्या, डबे, छत्रीच्या काड्या, वर पाटी: फुकट आहे, घेऊन जा. टोकाला तो जुना कॉम्प्युटर, त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "आत काही नाही. खरंच नाही. न्यायाधीशबाईंना विचारा."

मी तिचं दार वाजवलं. उघडलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे गेले, तर इर्मट्राउडची यंत्रं धडधडत होती, आणि त्या आवाजाच्याही वर गुंडुलाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, "सरक, सरक! मला बसू दे!"