कडेगावचा हिरवा ठिपका

साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत क्रांती कामाला बसते. समोर भिंतभर पडदे. कोरेगावची एक पतसंस्था, एक दूध संघ, दवाखाने, एक कॉलेज, अशा कितीतरी ठिकाणची कॉम्प्युटरची जाळी त्या पडद्यांवर ठिपक्यांनी मांडलेली. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, पण खबर सगळ्यांची क्रांतीकडे. ठिपका हिरवा, तर सगळं सुरळीत. लाल झाला की क्रांतीचा फोन गेलाच म्हणून समजा. लोकांना वाटतं पोरगी जादू करते. जादू कसली? लाल झालं की फोन करायचा आणि हिरव्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, एवढंच ते काम.

पडद्याच्या कोपऱ्यात तिने गुपचूप एक ठिपका स्वतःचा घातला होता. तो कडेगावच्या घराचा. आई गेल्यावर आबा तिथे एकटेच राहिले. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस; साताऱ्याला चला म्हटलं की उसाला पाणी कोण पाजणार म्हणायचा. त्यात मध्यंतरी छातीत कळ येऊन गेली आणि क्रांतीच्या जिवाला घोर लागला. तिने घरी इंटरनेटचा डबा बसवला. मग रोज संध्याकाळी होणारा फोन हळूहळू बंदच पडला. कशाला करायचा? दिसतंय की हिरवं! आता डबा चालू म्हणजे डबा चालू, माणूस बरा असं थोडंच? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खंडेनवमीला आबांनी विळे, कोयते, फवारणीचा पंप पुसून पाटावर मांडले. डब्याचीही वायर काढली, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. साताऱ्यात ठिपका लाल झाला आणि क्रांतीने लगोलग घरी फोन लावला.

"आबा! बरं हाय न्हवं?"

"मला काय झालंय? आज खंडेनवमी. हत्याराला इसावा देत्यात, तसा ह्यालाबी दिला."

ती हसली, थोडी रडली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर बोलली. गुडघा कसा आहे, शेजारच्या राहीबाईंची म्हैस व्याली का, सगळं विचारून झालं.

त्यानंतर मात्र तो ठिपका सारखा लाल व्हायला लागला. कधी म्हणे लाइट गेली, कधी म्हणे उंदराने वायर कुरतडली. दर वेळी क्रांतीचा जीव टांगणीला. शेवटी नवी वायर घेऊन ती रविवारी कडेगावला गेली. जुनी वायर चांगली धडधाकट होती.

ती आत चहा ठेवत होती. सोप्यात आबा उठले, भिंतीपाशी गेले आणि सवयीने डब्याच्या बटणावर बोट ठेवलं. मग पोरगी घरातच असल्याचं आठवलं असावं, बोट मागे घेतलं. क्रांतीने ते दारातून पाहिलं.

"आवं आबा, तुमीच बंद करत हुता व्हय?" ती भडकली. "तिकडं माझा जीव जातोय!"

आबा मान खाली घालून म्हणाले, "चालू असलं की तुझा फोन येत न्हाई, बाई."

क्रांतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा उतू गेला तरी ती तिथेच उभी होती.

सोमवारी तिने पडद्यावरून घराचा ठिपका काढून टाकला. आता आबांची खबर विचारल्याशिवाय कळणार नव्हती. संध्याकाळी तिने फोन लावला.

"काय गं? डबा तर चालू हाय," आबा गडबडले. "म्या हात न्हाई लावला."

"डब्याचं मला काय ठावं न्हाई," क्रांती म्हणाली. "तुमी जेवला का, ते सांगा."