भाकरीने मोजलेलं पाणी आणि माझी चुकलेली यादी

"तुला बोलायला बरं जमतं, तूच जा," असं म्हणून आमच्या सरांनी मला पुणतांब्याकडे पाठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, पुण्यातल्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेत नुकतीच लागले होते आणि हवामानबदल हा शब्द मला घरच्यांना नीट समजावून सांगता येत नव्हता तरी त्यातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. गोदावरीकाठच्या एका वाडीत त्याच विषयावर तीन दिवसांची कार्यशाळा घ्यायची होती. पाऊस, थंडी, विहिरी यांत गेल्या काही वर्षांत काय बदललं ते गावकऱ्यांनी एकत्र बसून आठवायचं आणि पुढे काय करायचं तेही त्यांनीच ठरवून ग्रामसभेत मांडायचं, असा बेत. मी आधी जाऊन लोकांना हे समजावून सांगायचं आणि पंचवीस नावं घेऊन परत यायचं. सरांची अट एकच होती: गाव अख्खं हवं. अर्धंच गाव येणार असेल तर कार्यशाळा दुसऱ्या तालुक्यात जाईल.

शिवाजीनगर स्टँडवरून सकाळची एसटी पकडली. मांडीवर प्रोजेक्टरच्या प्लास्टिक पट्ट्यांचं बाड, पायाशी गुंडाळलेलं पोस्टर. शिरूरपर्यंत मी मनातल्या मनात भाषण म्हणत होते, नगरपर्यंत झोप काढली. नगरच्या स्टँडवर चहा घेऊन गाडी बदलली. राहुरीच्या पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे आमची लाल गाडी अशी काही रांगू लागली की ड्रायव्हरने शेवटी स्टिअरिंगवरच तंबाखू मळायला घेतली. तुम्ही आज स्वतःच्या गाडीने जाणार असाल तरी उसाच्या हंगामात या रस्त्याला एखादा तास जास्तीचा धरूनच निघा.

श्रीरामपूरला पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं आणि मालकाने न मागता ताकाचा पेला पुढे ठेवला. आणखी एक सांगून ठेवते. रेल्वेने आलात तर श्रीरामपूरचं स्टेशन शोधत बसू नका, तिथल्या फलाटावर बेलापूर लिहिलेलं असतं. हे ठाऊक नसलेली माणसं पुढे निघून गेल्याचे किस्से मला त्याच हॉटेलात ऐकायला मिळाले.

पुणतांब्याच्या फाट्यावर भाऊसाहेब राजदूत मोटारसायकल घेऊन उभे होते. भाऊसाहेब म्हणजे वाडीतले मोठे बागायतदार, सरांच्या ओळखीचे. महिनाभर आधी मी त्यांना पत्र टाकून गावातल्या शेतकऱ्यांची यादी मागितली होती. त्यांनी लगेच पाठवली, तीही टाईप केलेली. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांना मिळते त्या सगळ्या शेतकऱ्यांची नावं, पुढे गट नंबर आणि क्षेत्र. इतकी नीटनेटकी यादी आयती मिळाल्यावर मी खूश. प्रत्येकाला पुण्याहून आमंत्रणाचं कार्ड टाकलं आणि कार्यशाळेचा फॉर्मसुद्धा तसाच छापून घेतला: नाव, गट नंबर, क्षेत्र. स्वतःच्या कामसूपणाचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

रात्री भाऊसाहेबांच्या घरी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याचा ठेचा. वहिनींनी तिसरी भाकरी ताटात टाकली आणि मी नाही म्हणायच्या आत त्यावर तुपाची धारही सोडली. असा पाहुणचार असला की सकाळी भाषण करायचंय याचंही भय वाटत नाही.

सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. पुढे खुर्च्यांच्या दोन रांगा, मागे सतरंजी. माणसं म्हणाल तर भाऊसाहेब, गुरुजी आणि मी. अर्धा तास गेला, कुणी फिरकेना. माझा चेहरा पडलेला बघून गुरुजी म्हणाले, "पहाटे पाटाला पाणी सुटलं, बाई. दोन दिवस आधीच आलं. आता पाळी सोडून कोण येतंय?"

मग आम्हीच पाटावर गेलो. शिवारभर माणसं होती, गुडघाभर चिखलात, हातात फावडं. या भागात याला दारं धरणं म्हणतात. एका सरीत पाणी भरलं की तिचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, असं दिवसभर चालतं. भाऊसाहेबांनी हाका मारून बांधावर वीसेक शेतकरी गोळा केले. दोघांनी पोस्टर ताणून धरलं आणि माझं वीस मिनिटांचं भाषण सुरू झालं. पृथ्वीचं तापमान, समुद्राची पातळी. समुद्र तिथून किती दूर आहे ते मलाच तिथे उभं राहिल्यावर जाणवलं. शेवटी मी जोरात म्हणाले, "ही कार्यशाळा सगळ्यांची आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून करायची आहे."

भाऊसाहेब यादीतली नावं वाचू लागले. पलीकडच्या सरीत चाळिशीची एक बाई फावड्यावर हात टेकून ऐकत होती. नावं संपली तशी ती म्हणाली, "म्याडम, समद्यांची म्हनलात. आमचं नाव कुठं हाय त्यात?"

ती कमलताई. गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीतली. ज्या उसाला ती पाणी देत होती तो भाऊसाहेबांचा.

"अगं कमल, ही पाटपान्याची यादी हाय," भाऊसाहेब समजुतीने म्हणाले. "तुमच्या वस्तीची येगळी मिटिंग लावू की."

"येगळी नगं, भाऊसाहेब. आमचा हापसा होळीच्या आत कोरडा पडतोय. त्ये तुमच्या म्होरं बोलायचं हाय. येगळं बसून आमी आमालाच सांगायचं व्हय?"

मी बोलायला हवं होतं. पण वीस नावं हातात आली होती, आणखी पाच सहज मिळाली असती, आणि मी पोस्टर गुंडाळत राहिले. त्या पोस्टर गुंडाळण्याची लाज मला आजही वाटते. ज्यांच्याकडे जमीन नाही ती माणसं पाण्याच्या यादीत कशी असतील, हा साधा प्रश्न मला महिनाभरात एकदाही पडला नव्हता.

दुपारी भाऊसाहेब जेवून आडवे झाले आणि मी विचारत विचारत वस्तीवर गेले. कमलताई भाकरी खायला घरी आली होती. मला बघून तिला नवल वाटलं असावं, पण तिने "जयभीम" म्हणून खाट पुढे केली आणि गुळाचा चहा ठेवला. मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. यादी मी चुकीची मागितली."

"मंग आता बराबर मागा," ती म्हणाली.

शेजारपाजारच्या बाया-माणसं जमली. मी पुन्हा तापमानापासून सुरुवात करणार तेवढ्यात कमलताईने मला हातानेच थांबवलं आणि लोकांकडे वळली.

"ऐका. पयलं मी सरीत पानी सोडलं की ते टोकाला जाईस्तवर माझी एक भाकर खाऊन व्हायची. आता दोन खाल्ल्या तरी टोक कोरडंच. जमीन जास्त पितीय का पाट कमी देतोय, कुनाला ठावं. ह्ये समद्या गावानं मिळून आठवायचं आन त्यावर काय करायचं ते ठरवायचं. तीन दिस. येनार का न्हाई?"

कार्यशाळेची ओळख करून देण्याचं माझं काम तिने तिथे उभ्या उभ्या संपवलं. पाचजण लगेच हो म्हणाले. माझ्या प्लास्टिकच्या पट्ट्या पिशवीतच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी खालच्या शिवारात सरकली आणि पुन्हा बोलावलेल्या सभेला हॉल भरला. शेतकरी खुर्च्यांवर, वस्तीवरची मंडळी मागे सतरंजीवर. कमलताईचा फॉर्म भरायला घेतला आणि पुन्हा पंचाईत झाली. गट नंबर नाही, क्षेत्र नाही. दोन चौकटी कोऱ्या. मागे सतरंजीवर सगळ्यांचं तेच होणार होतं. पण या वेळी पोस्टरमागे लपायचं नाही असं ठरवलं होतं. मी दोन्ही रकान्यांवर काट मारली आणि वर पेनाने लिहिलं: किती वर्षं दारं धरली.

"पाण्याचं आठवायचंय ना," मी म्हणाले, "मग ज्याने हाताने पाणी दिलंय त्याला जास्त आठवेल."

"एकोनीस वर्सं," कमलताई म्हणाली.

मी लिहिलं आणि भाऊसाहेबांकडे वळले. तीस एकरांचे मालक ते. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. आता हा माणूस उठून गेला तर मागोमाग खुर्च्या रिकाम्या होतील, एवढं मला कळत होतं.

"खरं लिवायचं तर," ते म्हणाले, "थोरल्या बंधूनं शाळेतनं काढलं तवा दोन वर्सं धरली. त्यापुढं गडीमान्सांनीच. लिवा, दोन."

मागून कुणीतरी हसलं. मग भाऊसाहेबही हसले, आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. पंचवीसच्या जागी एकतीस नावं झाली.

परतताना पुणतांब्याहून पॅसेंजर घेतली. ती दौंडमार्गे जाते आणि पार थकवते, पण गाडी धरण्याआधी पुणतांब्याची गोदावरी आणि काठावरची देवळं चुकवू नका. टोपलीतून पेरू विकायला येतात, ते घ्याच. कमलताई कामावर होती, तरी पाटाच्या पुलापर्यंत येऊन सांगून गेली होती, "यादीत तुमचं बी नाव घाला. म्होरं वर्सं किती ती खरी लिवा."

पुण्यात घरी बसून यादी स्वच्छ अक्षरात उतरवली. शेवटी माझं नाव घातलं आणि पुढे शून्य लिहिलं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि कार्यशाळा तिथेच घ्यायची असं सांगितलं.

कार्यशाळा झाली. नंतरही मी नोकरीनिमित्त बरीच गावं हिंडले, पण क्षेत्राचा रकाना पुन्हा कधी छापला नाही. त्या पुढच्या होळीनंतर एक पोस्टकार्ड आलं, कमलताईच्या मुलीच्या अक्षरात. ते अजून माझ्याकडे आहे.

"हापसा यंदाही आटला. नवीन बोअरचा अर्ज ग्रामसभेने घेतला आहे, बघू. सभेचा निरोप घरी आला होता. आई म्हणते बाईंना कळव, मी खाली सतरंजीवरच बसले, पण पुढं बसले."