काठी कुत्र्यांसाठी होती

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, मला मारहाण केल्याच्या संशयावरून माझ्या बायकोला गावकऱ्यांनी अडवलं. त्या वेळी मी कामठा ते गोंदिया मॅरेथॉन धावत होतो. (अंतर मॅरेथॉनचं नव्हतं. बॅनर होता.)

नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी माझी बायको गोंदियात निवारा चालवते. त्याचं छप्पर वादळात उडालं होतं. नव्या पत्र्यांचा खर्च राईस मिलवाल्या चुलत सासऱ्यांनी एका अटीवर कबूल केला.

"तुमच्या दोघातलं एक जण पळतच राह्यलं पाह्यजे. दोघंही गाडीवर दिसले, तं पत्रे विसरा!"

मी पळत होतो. मागे स्कूटीवर बायको, हातात कुत्र्यांसाठी काठी. (कुत्रं एकही आलं नाही.)

"पळा जी! थांबले तं पाहा!"

माझ्या टी-शर्टवर छापलं होतं: 'मार सहन करू नका. बोला.'

एका गावच्या चौकात तंटामुक्ती समिती चहा पीत होती. समितीने ते वाचलं. अध्यक्ष आडवे आले.

"भाऊ, भिऊ नका. बाई कायले मारून राहिली?"

मला बोलता येईना. दम लागला होता. समितीला ती बायकोची दहशत वाटली.

"काठी कुत्र्यासाठी हाय!" बायको ओरडली.

"ऐका! नवऱ्याले कुत्रा म्हणते!"

अट मोडू नये म्हणून मी जागच्या जागी पळू लागलो.

"पाहा, कसा थरथरून राहिला!" एका म्हातारीने माझ्या तोंडाला पाण्याचा गडवा लावला. "सोडून दे बापू असली बायको."

अध्यक्षांनी भांडण मिटल्याचं जाहीर केलं. समितीचा रिवाज ठरलेला. भांडण मिटलं, की जोडप्याने सगळ्यांसमोर एकाच गाडीवर बसून घरी जायचं. चौघांनी मला उचललं. बायको अजून सीटवरच होती. मी टेकलो, की पत्रे गेले!

मी टेकण्याआधी ती उतरली. जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं, काठी हातात कोंबली आणि गोंदियाच्या दिशेने पळत सुटली. जॅकेटखाली तिचाही तोच टी-शर्ट होता.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीवर नवरा, नवऱ्याच्या हातात काठी.

"हां, आता जा," ते म्हणाले. "आता बरोबर दिसते."

पत्रे पावसाआधी बसले.

त्या सकाळी गोंदियापर्यंत आणखी दोन गावं लागली. दोन्ही चौकांत लोक होते. बायको पुढे पळत होती, मी काठी घेऊन मागे. आम्हाला कोणीही अडवलं नाही.