इतरांनी घेऊ नये

आमच्या चाकलेट शिस्टर खोटं फार सुरेख बोलायच्या. डोळ्यांत डोळे घालून, आवाज जराही न हलवता. "हे औषध पुरुषमाणसानं घेतलं तर मिशा गळतात," असं त्या भर पारावर सांगायच्या, आणि जामखेडकडच्या आमच्या गावातले मांडीवर थाप मारून कुस्तीला उभे राहणारे गडी त्या बरणीपासून चार हात लांब राहायचे. म्हाताऱ्यांसाठी वेगळी थाप होती. "तुमच्या वयाला हे उष्ण पडेल हं आजी, तोंड येईल." सासवा लगेच हात मागे घ्यायच्या. पांढऱ्या साडीतली, मनगटावर घड्याळ बांधलेली नर्सबाई खोटं बोलेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं.

औषध कसलं नि काय! दुधाची पावडर, कोको, पिठीसाखर, सुंठ, जायफळ आणि चिमूटभर मीठ. गरम पाण्यात दोन चमचे घालून ढवळलं की झालं कपभर गरम चॉकलेट. शिस्टर नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. नाताळच्या केकसाठी तिथल्या बेकरीवाल्याकडे सुटा कोको मिळायचा, तो त्या पिशवी भरून आणायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी म्हणे बाळंतिणींना नुसती दुधाची पावडर वाटली होती. आठ दिवसांनी एका घरी गेल्या, तर त्याच पावडरीचा चहा करून त्यांच्यापुढे ठेवला, आणि बाळंतीण कोपऱ्यात कोरडी भाकरी चावत बसलेली. "तेव्हा मला अक्कल आली," त्या सांगायच्या. "सुनेच्या तोंडात काही जावं असं वाटत असेल, तर त्याला दूध म्हणायचं नाही. औषध म्हणायचं." मग कोको आला, कारण त्यानं रंग औषधासारखा होतो. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून त्या ठसठशीत अक्षरात लिहायच्या: बाळंतिणीचे औषध. दोन वेळा, दोन चमचे. इतरांनी घेऊ नये.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून हा कारखाना चालायचा. सगळं तीनदा चाळायचं, हा नियम. मदतीला आलेली एखादी बाई चाळणी गदागदा हलवायला लागली की शिस्टर ओरडायच्या, "अगं, गव्हातले खडे काढतेस का? हळू!" कुणी साखर जास्त घातली तर म्हणायच्या, "गोड बेतानं घाल. बाळंतीण आहे ती, वऱ्हाडी नव्हे." आणि जायफळ कशाला, असं विचारलं तर उत्तर तयार असायचं. "मूल काही झोपत नाही, निदान आईला तरी झोपवू." बायका हसून हसून लोळायच्या. तालुक्याच्या त्या कोपऱ्यात आज चाळिशीला आलेली कितीतरी माणसं त्या बरणीच्या जोरावर उभी आहेत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

पण हे सगळं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. आमच्या घरात शिस्टरांचं नाव काढायची चोरी होती.

माझ्या जन्माआधी दोन वर्षं आईला पहिला मुलगा झाला, तो रडलाच नाही. ज्वारीची काढणी चालू होती. संध्याकाळी आईला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि दिवेलागणीला सगळं संपलं. शिस्टर बाहेर आल्या आणि आजीसमोर, अप्पांसमोर, जमलेल्या माणसांसमोर म्हणाल्या, "जामखेडला न्यायला गाडी बोलवायची, ती मी वेळेवर बोलावली नाही. चूक माझी आहे." आजी त्यांच्या अंगावर धावून गेली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तालुक्याला अर्ज केला. चौकशी झाली, शिस्टरांची बढती अडकली ती कायमची, आणि आमच्या घरात त्यांना नाव पडलं, 'अवदसा'.

आणि तरीही दर नाताळाला आमच्या ओट्यावर एक बरणी यायची. हाक नाही, निरोप नाही, नुसती बरणी. त्यांची बदली शेजारच्या गावाला झाली तरी येत राहिली, आणि त्या रिटायर होऊन नगरला गेल्या तेव्हा तिकडून येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती यायला लागली. आजी म्हणायची, "फेकून दे उकिरड्यावर." आई उचलायची आणि माळ्यावर नेऊन ठेवायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "टाकवतबी न्हाई आन् घेववतबी न्हाई. तू गप ऱ्हा." त्या बरण्यांची रांग वाढत गेली. जुन्या बरण्यांतली पूड पावसाळी हवेनं दगड होऊन बसली होती. मांजर माळ्यावरून गेलं की एखादी बरणी डुलायची आणि आतला गोळा काचेला लागून टक्क असा आवाज यायचा. मी खाली गोधडीत डोळे मिटून पडायचे. माझी खात्री होती की तो न रडलेला दादा तिथं वर राहतो, एका बरणीतून दुसऱ्या बरणीत जातो, आणि त्याला खाली यायचंय. हसू नका. आज छत्तीस वर्षांची आहे मी, पदरात शाळेत जाणारी लेक आहे, आणि अजूनही कुठं जायफळाचा वास आला की आधी वर पाहते.

आठ वर्षांची असताना एकदा घरात कुणी नाही असं बघून मी माळ्यावर चढले आणि त्या वर्षीची नवी बरणी उघडली. बोट ओलं करून बुडवलं, चाटलं. आई गं! असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं, आणि मग मिशांचं आठवून खाली उतरले, आरशात तोंड बघायला. मला कुठल्या मिशा, पण भीती ती भीती. आरशात मागं आई उभी. ओठांना लागलेला कोको तिनं पाहिला आणि एक सणसणीत ठेवून दिली. मी भोकाड पसरलं. ती तशीच उभी राहिली. मग हळूच, कुणी ऐकेल अशा भीतीनं तिनं विचारलं, "कसं लागतंय गं?"

तिच्या डोळ्यांत तेव्हा काय होतं, ते मला पुढं वीस वर्षांनी कळलं. माझं सासर राहुरीचं. सातव्या महिन्यात मी माहेरी आले, आणि एका दुपारी माझे पाय चेपता चेपता आई बोलायला लागली.

"माझ्यावानी करू नगंस. दुकायला लागलं की सांग, मंग जग का बुडंना. त्या दिशी पहाटंपासनं कळा हुत्या मला. काढनीला मानसं कमी. सासूबाई म्हनाल्या असत्या, कामाच्या येळंला बरी निजलीस. म्हनून दातावर दात धरून दिसभर पेंढ्या बांधल्या. शिस्टरची चूक न्हवती. चूक माझी हुती."

"अप्पांना माहीत आहे?"

"आता काय सांगू? अर्जावर त्यांची सही हाय." आणि तिनं माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "आन हाय तुला."

मी आठ वर्षं ती आण पाळली. त्या आठ वर्षांत शिस्टर म्हाताऱ्या होत गेल्या, डोक्यावर एका मेलेल्या मुलाचं ओझं घेऊन. ते उतरवणारं एक वाक्य माझ्याकडे होतं आणि मी ते दाबून बसले होते. आईवर चिडायचे, स्वतःवर त्याहून जास्त. शेवटी गेल्या डिसेंबरात नगरला काही कामानं गेले होते, तेव्हा पाय आपसूक त्यांच्या घराकडे वळले. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात नगरच. चर्चच्या मागं दोन खोल्या, एकट्याच राहायच्या. मी गावाचं नाव सांगितलं, अप्पांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं.

"म्हणजे तू दुसरी. आईच्या माहेरी झालीस ती."

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्या कोको चाळत होत्या, निम्मा परातीच्या बाहेर पडत होता. काही न विचारता त्यांनी चाळणी माझ्या हातात दिली. बरंच झालं, मान खाली घालून बोलता आलं. मी आण मोडली. पहाटेच्या कळा, पेंढ्या, आजीची भीती, सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे की मला," शिस्टर म्हणाल्या. "हळू चाळ, उडतंय."

माझा हात थांबला.

"तुझ्या आईला आणलं, मी हात लावला, तेव्हाच बाळाचे ठोके लागत नव्हते. कळा किती वेळाच्या आहेत ते आम्हाला कळतं गं. आणि हातांना ज्वारीची कुसळं टोचलेली. सगळं समोर दिसत होतं."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"बाहेर तुझी आजी उभी होती ना. खरं सांगितलं असतं तर तुझ्या आईला त्या घरात कुणी जगू दिलं असतं? तिला तिथंच राहायचं होतं. मी काय, बदलीची बाई."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे न बघता सुंठेची पुडी सोडली. मी विचारलं, मग दर वर्षी बरणी कशाला?

"मूल गेलं तरी बाळंतीण ती होतीच की. अंग तर बाळंतिणीचंच होतं. तिला कुणी डिंकाचा लाडू दिला नसणार, मला पक्कं माहीत. म्हणून पहिली बरणी दिली. तिनं घेतली नाही, म्हणून दुसरी. मग ठरवलं, घेईपर्यंत द्यायची." निघताना त्यांनी एक बरणी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "तिला म्हणावं, एकदा येऊन जा. चूक-बिक बोलायला नको. नुसती कपभर पिऊन जा."

आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते. हा निरोप फोनवर द्यायचा नाही असं मी ठरवलं. संक्रांतीला जाणारच आहे, समोर बसून सांगू, आईला घेऊनच येऊ. केवढा शहाणपणा! संक्रांतीला आठ दिवस होते आणि शिस्टर गेल्या. थंडी छातीत बसली, दोन दिवसांत आटोपलं. आईला अखेर फोनवरच सांगितलं, निरोप आणि मरण, दोन्ही एका दमात. ती म्हणाली, "म्हंजी बाईला म्हाईत हुतं." आणि फोन ठेवला. ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती नगरला आली. अप्पाही आले होते. मेलेल्याशी वैर नको म्हणून आले असतील. चर्च भरलं होतं आणि अर्ध्याहून जास्त बाया डोक्यावर पदर घेतलेल्या, आमच्या बाजूच्या. प्रार्थना झाली, गीत झालं. मग पाळकसाहेबांनी विचारलं, बाईंविषयी कुणाला दोन शब्द बोलायचेत का? त्या लोकांत तशी पद्धत आहे. एकजण उठली, दुसरी उठली. आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

"मी किरिस्ताव न्हाई," आई म्हणाली. "बोलले तर चालंल का?"

"बोला माई."

"माजं पयलं लेकरू ह्या बाईच्या हातानं गेलं, आसं गाव म्हनतंय. ते खोटं हाय. ते माज्या पोटातच गेलं हुतं. पहाटंपासनं कळा हुत्या, म्या सांजपतुर लपवल्या. बाईनी माजी चूक आपल्या अंगावर घेतली. आन् म्या ती घिऊ दिली. यवडंच."

ती खाली बसली. मी तिचा हात धरला, पण माझं लक्ष पुरुषांच्या बाकांकडे होतं. अप्पा टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दफन झालं. आईनं मूठभर माती टाकली, अप्पांनीही टाकली. स्टँडपर्यंत आम्ही तिघं चालत आलो. अप्पा तापट माणूस, सगळ्या गावाला ठाऊक. ते आता काय बोलतील आणि त्यावर मी काय बोलेन, याची मी मनातल्या मनात तयारी करत होते. जामखेडची गाडी लागली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. समोर लोक चढत होते, उतरत होते. मग अप्पा म्हणाले, "त्या दिशी पेंढ्या बांधल्यास, त्या माझ्या म्होरंच की गं."

"तुमच्या म्होरंच."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

"लई दुकत हुतं का?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई दुकत हुतं."