साडेचार हात पडदा

सबंध वऱ्हाडात खिडकी ही वाऱ्यासाठी नसून पडद्यासाठी असते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या दिवसांत, आपल्या शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात साक्ष द्यायला ते पिंपळगाव राजाहून बुलढाण्याला गेले आणि साहेबाच्या बंगल्यात त्यांना पितळी कड्यांवर सरकणारा, चुण्याचुण्यांचा पडदा दिसला. साहेबानं विचारलं, धुरा कुठपर्यंत आहे? यांनी उलट विचारलं, "साहेब, ह्या कड्या कुठून आनल्या?" धुरा गेला तो गेलाच, पण मावसाजी घरी आले ते बारशाहून आल्यासारखे.

मग घरच्या बैलांच्या साजातल्या कड्या उतरल्या, बांबू तेल पाजून गुळगुळीत झाले, कापड नांदुऱ्याहून आलं. शिवायला मावशी होतीच. जन्मभर लुगड्याच्या निऱ्या घातलेल्या बाईला चुण्या काय शिकवायच्या! पुढेपुढे मावसाजींना माणसं दिसेनाशीच झाली. पुतण्यासाठी मुलगी पाहून आले आणि म्हणाले, "पोरीचं काही ध्यानात नाही बा, पन खिडकी लय मोठी हाय."

अशात बुलढाण्याच्या एका वकिलांनी नव्या बंगल्याच्या पडद्यांचं काम त्यांना सांगितलं. घराबाहेरचं हे पहिलं काम. मावसाजींनी ते गावभर सांगितलं, जाऊन खिडक्या मोजल्या आणि मावशीला माप दिलं, साडेचार हात. वास्तुशांतीला भरल्या पंगतीसमोर पडदे चढवले, तर प्रत्येक पडदा खिडकीच्या खालच्या चौकटीपासून वीतभर वरच थांबला! वकील म्हणाले, "काय हो, पडदे टांगलेत की परकर?" पंगत खो खो हसली. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती, तिचा चेहरा पार उतरला. मावसाजींनी खिडक्या मोजल्या होत्या आपल्या हातानं, तिनं कापड मोजलं होतं तिच्या. मावसाजींच्या हे तिथल्या तिथं ध्यानात आलं असावं. ते मोठ्यानं म्हणाले, "माप मीच चुकीचं देल्लं. तिनं तं बराबर शिवलं."

परतताना दमणीत, त्यांच्या हलक्या बैलगाडीत, मीही होतो. घाट उतरेपर्यंत मावशी रडत होती. "माह्यापायी तुमचं हसू झालं," म्हणाली. मावसाजींनी तिचं कोपर आपल्या कोपराला लावून पाहिलं. तिचा हात तीन बोटं कमी भरला. "अवं, एवढासा हात हाय तुहा! मले इतक्या वर्साइत दिसलाच नाही," ते म्हणाले, आणि मावशी रडतारडता हसली.

त्या पडद्यांना खाली झालर लागली. त्यानंतर मात्र मावशीला बरोबर घेतल्याशिवाय ते कुठंच मोजायला गेले नाहीत. नवराबायको जोडीनं लोकांच्या घरी जातात, तो चारचौघांत "दे वं" म्हणत तिचा हात धरून चौकटीला लावतो, यावर गाव पोट धरून हसलं. मावसाजी म्हणायचे, "शिवनार तिचा हात, तं मोजनार बी तिचाच." मलाही तेव्हा हसूच यायचं, त्याची आता लाज वाटते.

मावशी गेल्यावर वर्षभरानं वकिलांकडून पुन्हा बोलावणं आलं. माणूस जरा बाहेर पडेल म्हणून मीच मोजायची फीत विकत घेतली आणि त्यांना बुलढाण्याला नेलं. मावसाजींनी खिडकी नीट निरखली, चौकटीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि मागं न पाहताच हात मागं करून म्हणाले, "दे वं."

मी त्या हातात फीत ठेवली. त्यांनी ती पाहिली, घडी घालून मला परत दिली.

"चाल बे घरी," म्हणाले.