काचा बंद ठेवून मांद्र्याला

लोक गोव्याला जाताना टोपी आणि गॉगल नेतात. मी मांडीवर मोटारीच्या एसीचा कंप्रेसर घेऊन गेलो. कोल्हापूरहून बेळगाव, तिथे बस बदलून चोर्ला घाट. कंडक्टर म्हणाला, "हे धूड टपावर टाका." मी म्हणालो, "तुमची तिकिटांची पेटी टाकता का टपावर?" त्यानंतर साखळी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते बरंच झालं.

गाड्यांना एसी बसवणं हा माझा धंदा. साखर कारखान्यांच्या साहेबलोकांच्या गाड्या गार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती, तेव्हा डिचोली तालुक्यातल्या पाळी गावाहून दत्ताबाबांचा फोन आला. (बाब म्हणजे आपल्याकडचे राव.) वडिलांच्या वेळची स्पोर्ट्स गाडी आहे, तिच्यातून मांद्र्याला जायचंय, म्हणून तिला एसी हवा आहे आणि इथला एकही मेकॅनिक तिला हात लावायला धजत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्याने नाही म्हटलेलं काम करण्यात वेगळीच मजा असते.

साखळी मागे पडली आणि झाडांचा रंग बदलला. आंबा, काजू, माड, सगळे एकजात तांबडे. कौलं तांबडी होतीच, पण तुळशीवृंदावनातली तुळससुद्धा तांबडी. रस्त्यावर खनिजाचे ट्रक एकामागून एक जेटीकडे चालले होते. तिथून ते खनिज बार्जमधून वास्कोकडे आणि पुढे बोटीने परदेशात जातं. धूळ तेवढी इथेच राहते. बसच्या काचा लोकांनी न सांगता वर केल्या. उकाड्याने जीव घामाघूम झाला, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. मला पहिला राग तिथे आला.

दत्ताबाब थांब्यावर उभे होते. साठीच्या पुढचे, उंच, पांढरा शर्ट, त्याच्या कॉलरवर तांबूस कड. घरी गेल्यागेल्या पाणीसुद्धा न विचारता त्यांनी शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढली. रागावलेला माणूसही गप्प होईल अशी गाडी. दोन दारं, लांब नाक, जमिनीलगत बसलेली, काळजीने पुसलेली. पोर्तुगीज अमदानीत त्यांच्या वडिलांनी ती मुरगाव बंदरात बोटीवरून उतरवून घेतली होती. मागे म्हणायला एक बाकडं, त्यावर पिशवी मावेल, माणूस नव्हे.

"मेस्त (कारागीर), एक गजाल आदींच सांगतां," दत्ताबाब म्हणाले. "समोरच्या लाकडाक हात लावपाचो ना."

म्हणजे डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. इंजिन लहान, डायनॅमो म्हातारा, त्यात ही अट. नवऱ्या मुलीच्या बापासारखे एकेक नियम सांगत होते. मी विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? एसीची टॅक्सी मागवा, मांद्र्याला जाऊन या."

"म्हजी गाडी आसतना भाड्याची?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवळातली घंटाच मागितली. "हे गाडयेंतल्यान ती व्हंकल (नवरी) जावन आयली. हेच गाडयेंतल्यान कुळारा (माहेरी) वतली."

ती म्हणजे त्यांच्या पत्नी, शालिनीवहिनी. त्या आतल्या खोलीत होत्या. खिडकीला ओलं फडकं लावलेलं आणि दार लोटलेलं. खाणीचे ट्रक घरासमोरून जायला लागल्यापासून त्यांना दम्याने धरलं होतं. माहेर पेडण्याकडे, मांद्र्याला. तिथे म्हातारी आई, नजर गेलेली. पावसाळ्यात खाणी बंद असतात, धूळ बसते, तेव्हाच काय त्या जाऊन येत. उन्हाळ्यात बसने गेल्या की वाटेतच धाप लागे आणि मांद्र्याऐवजी इस्पितळ गाठावं लागे. पेडण्याची बोली मालवणीच्या अंगाने जाणारी, त्यामुळे वहिनींचं बोलणं मला दत्ताबाबांच्या कोंकणीपेक्षा सोपं जायचं.

"आवय (आई) म्हणता, आमचा शालू अळम्यासारखा, पावसातच उगावता," त्या हसून म्हणाल्या. (अळमी म्हणजे पावसात उगवणारी अळंबी.) हसता हसता खोकू लागल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, औंदा आवय पावसापर्यंत ऱ्हवता की नाय, माका भरवसो नाय. माका एकदा न्हेवन पोचवा."

मी कामाला लागलो.

सकाळी पदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येई. त्याच्या टोपलीवर दोन-दोन फडकी असत, तरी वहिनी उंड्याची वरची साल सोलून काढत आणि मगच आम्हाला देत. पावाची साल सोलणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या उंड्याबरोबर तोंडाक (वाटाण्याची पातळ उसळ) असे. चव अशी की राग विसरावा, पण मी विसरलो नाही.

कंप्रेसर बसवायला डिचोलीच्या लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं. दुपारी एक वाजता त्याने माझं अर्धवट कापलेलं लोखंड लेथवर तसंच ठेवलं आणि तो जेवून झोपायला घरी गेला. मी चार वाजेपर्यंत त्याच्या बंद दाराशी शिव्या मोजत बसलो. डायनॅमो काढून ट्रकच्या दुकानातला अल्टरनेटर घातला. गार हवेची पेटी लाकडाखाली लोंबती ठेवली. दारांची रबरं दगडासारखी झाली होती, ती बदलली. बाहेरून हवा घ्यायच्या नळीत स्पंजाची गाळणी बसवली.

शेडच्या मागे रेडिएटरची जाळी धुवायला गेलो, तेव्हा आवारात दोन खनिजाचे ट्रक उभे दिसले. पुढे झेंडूच्या माळा, काचेवर ग्रामदेवतेचं नाव.

"हे कुणाचे?"

"आमचेच," दत्ताबाब सहज म्हणाले. "खाणीर लायल्यात. गांवांत सगळ्यांचेच आसात, मेस्त. शेतां गेलीं, मागीर मनशान करचें कितें?"

माझ्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. बायकोला धाप लावणारी धूळ नवऱ्याच्याच ट्रकातून सांडते, आणि ती चुकवायला मी कोल्हापूरहून आलोय! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. मी तसं त्यांना तोंडावर म्हणालो. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या सकाळी गाडीपुढे नारळ ठेवून गावकराने (देवळाच्या मानकऱ्याने) गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान गाडयेक थंड यंत्र बसयलां, तें सांबाळ म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" इंजिन झालं, चाकं झाली, वाटेवरच्या देवचाराचं (राखणदाराचं) नाव झालं, मेस्तचं म्हणजे माझंसुद्धा झालं. धुळीचं नाव मात्र गाऱ्हाण्यात कुणी घेतलं नाही. गावकराचेही ट्रक होते.

दत्ताबाब चालवायला, वहिनी शेजारी, आणि मी मागच्या बाकड्यावर गुडघे हनुवटीला लावून. घरासमोरच ट्रकांच्या रांगेला लागलो. काचा बंद, एसी चालू. वहिनींनी गार हवेच्या पेटीसमोर हात धरला, मग पदर तोंडावरून काढला. बाहेर तांबडा लोट आणि आत स्वच्छ गार हवा. त्या एकदाही खोकल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

फुगली ती साखळीच्या अलीकडेपर्यंत. तिथे ट्रक थांबले होते आणि आमचीही गाडी अडकली. उभ्या गाडीत लहान इंजिनला कंप्रेसर ओढवेना, पाण्याच्या तापमानाचा काटा चढू लागला. मीच मागून ओरडलो, "एसी बंद करा, नाहीतर इंजिनचं हेड जाईल!" एसी बंद झाल्यावर त्या डब्यात माणूस उकडून निघेल. काचा खाली कराव्या लागल्या. चालत्या गाडीला गार करणारा मी, उभ्या गाडीचा विचारच केला नव्हता. मी स्वतःवर इतका चडफडलो की पुढच्या आसनाच्या पाठीवर डोकं आपटून घेतलं.

पुढे रस्त्यावर बायका बसल्या होत्या. पंचवीस-तीस असतील. मांडीवर लहान पोरं, डोक्यावर पदर, सगळ्या तांबड्या. धुळीपायी त्यांनी ट्रक अडवले होते, बाकीच्या गाड्या बघून सोडत होत्या. वहिनींचा खोकला सुरू झाला होता. एक बाई खिडकीशी आली, वाकून पाहिलं आणि ओळखलं.

"शालूबाय? तूं? वच गो, वच. आवयक पळोवन (बघून) यो." मग तिची नजर लाकडाखालच्या पेटीवर गेली, तिथून दत्ताबाबांवर. "दत्ताबाब, बायलेक थंड वारें हाडलें (आणलं), बरें केलें. आमच्या भुरग्यांक (मुलांना) कोण हाडटलो?"

दत्ताबाबांनी तिच्याकडे न पाहता गिअर टाकला. रांगेतल्या पुढच्या एका ट्रकावर झेंडूची माळ होती. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून मालकाला नमस्कार करत होता. त्यांनी तिकडेही पाहिलं नाही.

बायकांनी वाट करून दिली. गाडी हलणार, एवढ्यात वहिनींनी दार उघडलं.

"खंय वता?" दत्ताबाब ओरडले.

"मी हयसर (इथे) बसतंय." त्या खाली उतरून साडी सावरत होत्या. "तुमी जावा आणि आवयक हयसर घेवन येवा. गाडी गार आसा, तिका तरास जावचो नाय."

"तुका दम लागतलो गो!"

"लागांदे. घरात लागता तो कोणाक दिसता?"

आणि त्या चालत जाऊन बायकांमध्ये बसल्या, आपल्याच घरच्या ट्रकासमोर. एकीने त्यांच्या तोंडाला ओला पंचा धरला. दत्ताबाबांनी इंजिन बंद केलं. मीच पुढच्या आसनावर आलो आणि म्हणालो, "चला. माणसाने बायकोचं एकदा तरी ऐकावं." ऐकण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं.

डिचोली ओलांडली, पेडणे आलं आणि झाडं हिरवी दिसायला लागली. हिरवा रंग पाहून माणसाला संताप येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. मांद्र्याला खारा वारा, माडांची सावली, अंगणात सुकत घातलेली सोलं. म्हातारी ओट्यावर बसलेली, सुपारीएवढी लहान. दत्ताबाबांनी तिला सगळं खरं सांगितलं, ट्रकांसकट. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "चला तर."

गाडीत बसली, एसी लावला, तर म्हणते, "माका हीव (थंडी) लागता. बंद करा ता." डोंगरासारखा खटाटोप करून बसवलेला एसी मी माझ्या हातांनी बंद केला. काचा खाली केल्या. म्हातारी सगळ्या वाटेने वारा खात आली. डिचोलीच्या पुढे गेल्यावर आम्ही तिच्या विरोधाला न जुमानता काचा चढवल्या.

उन्हं उतरत होती. बायका तिथेच होत्या. वहिनींचा श्वास वाजत होता, दोघी त्यांची पाठ चोळत होत्या. दत्ताबाबांनी सासूला हात धरून उतरवलं आणि रस्त्यावर, लेकीसमोर बसवलं. म्हातारीने लेकीचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, ओठ. मग बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. पुन्हा गालाला हात लावला, मानेला, केसांना.

"इतकी माती?" ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्सां म्हणत होतंय, पाऊस सरलो की चेडू (लेक) माका इसारता."

मी तोंड फिरवलं. दत्ताबाब माळ घातलेल्या ट्रकापाशी जाऊन उभे होते. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता आणि ते नुसती मान हलवत होते. होकाराची की नकाराची, ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतलो. बस साखळीला पोचायच्या आत काल अडलेले ट्रक पुन्हा धावताना दिसले. त्यांच्यापुढे पाणी शिंपडणारा एक टँकर होता, एका रात्रीत कुठूनसा उगवलेला. म्हणजे टँकर होता. इतकी वर्षं होता. तो बाहेर काढायला दम लागलेल्या बाईला रस्त्यावर बसावं लागलं.

घरी आल्यावर बायकोने माझा शर्ट बादलीत बुडवला, तर पाणी तांबडं झालं. तिने विचारलं, "गाडी झाली का गार?"

"झाली."

"मग तोंड असं का?"

मी तिला वहिनींचं आणि म्हातारीचं सांगितलं. ती बादलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लेक पावसाळ्याखेरीज का येत नाही, हे त्या आईला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. सांगणार कोण? सगळ्यांचेच ट्रक होते.