दुसरी सीट

दोनच सीटची, टप उघडणारी गाडी मी मोठ्या हौसेनं घेतली. मलकापूरच्या धुळीतून घरी येईपर्यंत माझ्या भुवया पांढऱ्या होतात. बायको तिच्यात एकदाच बसली.

एकदा धामणगाव बढेच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं हात दाखवला. मी रुबाबात दार उघडायला वाकलो, तोवर तो ट्रॉलीत चढावं तसा दारावरून पाय टाकून आत आलाही होता. मांडीवर पिशवी घेऊन तो वाटेत दिसेल त्याला हात उंचावून ‘जय भीम’ करू लागला. लोकही हसून हात हलवत. लोकांनी बघावं म्हणून गाडी घेतली मी, आणि बघत होते सगळे त्याच्याकडे!

“घरचे नाई बसत काय हो याच्यात?” त्यानं विचारलं.

मी ऊन, धूळ, केस, कंबर अशी सगळी कारणं सांगितली. त्यानं ती मान डोलावत ऐकली. मोताळ्याला उतरताना सीटवरून हात फिरवत म्हणाला, “मंग कंपनीवाल्यायनं तुमाले एक सीट उगाच जास्त देली ना बाप्पा.”

आता त्या फाट्यावर मीच गाडी हळू करतो आणि कुणी हात दाखवतंय का, ते बघतो.